तिच्या छातीवर मी न्हवते

आमचं गाव युसूफ वडगावच्या वरल्या अंगाला हाय, पन गावाचं नाव तुमी लिहू नका ताई. मला कुनाचं भ्या हाय म्हनून न्हाई, पन ज्या पोरीचं मी सांगनार हाय ती अजून तिथंच नांदायलीय, तिच्याकड परत कुनी बोट करू नये म्हनून. माझं नाव मात्र लिवा. सुमन लिवा, चांगलं ठळक लिवा. त्या दुष्काळात लोकांनी माझं नाव एवढं वंगाळ करून टाकलंतं का आता एकदा कागदावर नीट लिवलेलं मला बघायचंय.

बापानं धम्माची दीक्षा घेतली तवा मी जन्माला यायची होते. आई सांगायची, घरातले देवाचे टाक, शेंदराचा दगड, मरीआईच्या नावाची परडी, सगळं टोपल्यात भरलं अन् बापानं नदीत नेऊन सोडलं. आजी लई रडली, म्हनली देव कोपतील. बाप म्हनला कोपू दे, एवढे दिस काय आपले लाड करत होते का. असा मानूस होता. आमच्या घरात कुनी भूत म्हनलं, नजर म्हनलं, करनी म्हनलं का बाप हातात असंल ते फेकून मारायचा, तांब्या असला तर तांब्या. मी अशा घरात वाढले, अन् लोकांनी मलाच भूत केलं. तुमीच सांगा, ज्या बापानं भुतं नदीत सोडली त्याच्याच पोरीला भूत म्हनायचं, याला काय म्हनावं?

बहात्तरच्या दुष्काळात मी लहान होते, आईच्या मागं खडी फोडायला जायचे, सरकारी सुकडी खाल्लीय मी, त्या लाल मिलो जवारीच्या भाकरी खाल्ल्यात. दुष्काळ म्हंजी काय ते मला पुस्तकात वाचायची गरज न्हाई. मग लगीन झालं, मालकाचं नाव देविदास, बोलायला कमी अन् कामाला वाघ. रान थोडकं, तेबी खडकाचं, म्हनून मी म्हशी धरल्या. एक म्हैस घेतली, तिची पारडी वाढवली, तिची बी म्हैस झाली. म्हशीनं आमाला जगवलं हो. गावात दुधाची सोसायटी निघाली तवा आमचं दूध घ्यायचे न्हाईत, मग घ्यायला लागले तर येगळ्या कॅनात, ती कॅन बी पार कोपऱ्यात ठेवायचे. मग वरून कोन सायब आला, त्यानं झाडलं तवा एका कॅनात घेतलं. म्हशीला जात असती का? वैरन खाती अन् दूध देती. पन न्हाई, मानसाला म्हशीएवढी बी अक्कल देवानं दिली न्हाई, अन् देव तर आमी मानत बी न्हाई, तर कुनाला बोल लावायचा.

पुढं सोसायटीच्या संचालकात बाईची राखीव जागा निघाली, ती मला दिली. चेअरमनला वाटलं, ही सुमन गरीब, आंगठ्यावाली असंल, सही म्हनलं का सही करंल, चहा म्हनलं का चहा पिऊन घरी जाईल. मी सातवी शिकलेली हाय. पैल्याच बैठकीत मी म्हनलं, दुधाची फॅट लावताना, तिच्यावरच भाव ठरतो, ज्याचं दूध हाय त्याच्या डोळ्यासमोर लावा. चेअरमन हासला, म्हनला सुमनबाई, तुमी नव्या हायेत, हळूहळू कळंल. मला हळूहळू काय कळायचं होतं? मला तवाच कळलंतं. पन तेव्हापासून त्या मानसाच्या डोळ्यात मी कुसळावानी सलायले होते, हे ध्यानात ठेवा, याच्याबिगर पुढलं तुमाला उमगनार न्हाई.

मग तो दुष्काळ आला. बहात्तरला अन्न न्हवतं, ह्या दुष्काळाला पानीच न्हवतं. हिरी कोरड्या, बोअर कोरडे, टँकर आला का बायका एकीमेकीच्या उरावर. जनावरासाठी छावनी निघाली, सोसायटीनंच चालवायला घेतली. गावाच्या भाईर माळावर बांबू रोवून वर हिरवी जाळी टाकलेली, खाली जनावरांच्या दावनी, अन् जनावरासंगं मानसं बी तिथंच. चार महिने आमी तिथं राह्यलो. शेनात उठायचं, शेनात निजायचं. माझ्या दावनीच्या शेजारी गंगाबाईची दावन होती. मेंढरं राखनारं घर त्यांचं, मेंढरं इकून टाकलेली, दोन बैल अन् दोन गाया उरलेल्या. गंगाबाईचा लेक कामाला पुन्याकड गेलता, इथं सासू अन् सून दोघीच. सून म्हंजी रुक्मिन.

रुक्मिन लिंबागनेशच्या बाजूची, लगीन होऊन वरीस झालं न्हवतं. एवढीशी पोर, काडीवानी. काय सांगू तुमाला, त्या पोरीला बसलेली मी बघितली न्हाई कधी. पहाटं कोंबड्याच्या आधी उठायची, शेन भरायची, टँकरला हंडे लावायची, चारा आनायची, दूध काढायची, सासूचं डोस्कं चेपायची, रातच्याला जनावरं सुटतील म्हनून तिलाच जागायला लावायचे. दुपारी जरा डोळा लागला का गंगाबाई वरडायची, अगं ए, बाप झोपला का तुपला. तिला उभ्या उभ्या डुलकी यायची. हंडा डोक्यावर अन् डोळं मिटलेले, असं मी डोळ्यानं बघितलंय.

त्या दिवशी वैशाखाचं ऊन, जाळीखाली बी जीव कासावीस होत होता. गंगाबाई कुनाच्या मयताला गेलती. रुक्मिन पानी घेऊन आली अन् हिंदकळली, हंडा पडला, सगळं पानी मातीत. ती रडाय लागली. मी म्हनलं बाई, रडू नको, माझ्यातलं घे, अन् तू जरा पड, तुझ्या जनावराकड मी बघते. मीच तिला बाजंवर निजवलं. तोंडावर पदर टाकला, माश्या लई होत्या म्हनून. ह्या ह्या हातानं. ही माझी चूक झाली बघा, मी तिला झोप म्हनलं.

घटका गेली न गेली तर पोर अशी किंचाळली का बैलांनी दावी तोडायला घेतली. उठून बसली, घामानं ओली, डोळं पांढरे, अन् माझ्याकड बोट केलं. म्हनली ही, ही माझ्या छातीवर बसलीती, माझा गळा दाबत होती, मला हात हालवता येईना, वरडता येईना, मी सगळं बघत होते, ही बसली होती काळी होऊन. मी म्हशीला पेंड कालवत होते हो. पार पलीकडल्या टोकाला. माझे हात कोपरापस्तोर पेंडीत. पन बघायला कोन तयार होतं?

तासाभरात छावनीभर झालं. सुमनबाईनं रुक्मिनला दाबलं. संध्याकाळी अजून दोघी निघाल्या, म्हनल्या आमाला बी सपनात आलती. म्हातारा एक म्हनला, माझी गाय आटली ती हिच्यामुळंच. दुष्काळात गाय आटनार न्हाई तर काय धबधबा सोडनार? पन दुष्काळाला कुनी बोलत न्हाई, बाईला बोलतात, बाई समोर असती. अन् कुनी तरी असं बी म्हनलं, यांच्या घरात देव न्हाईत ना, देव काढून टाकले का मग तिथं दुसरं काय तरी येऊन बसतंय. हे जवा माझ्या कानावर आलं तवा माझ्या अंगाचा असा भडका झाला का मालकानं मला धरून ठेवलं. मालक म्हनले, गप बस, लोक येडे झालेत. मी म्हनलं, तुमी बसा गप, तुमाला कुनी हडळ म्हनलं न्हाई.

बाया लेकरं लपवायच्या मी निघाले का. आमच्या वस्तीतल्या बी, दुसऱ्याचं कावून सांगू. जिच्या बाळंतपनात मी उकळलेलं पानी दिलं तिनं पदराखाली लेकरू झाकलं. ते लागलं मला. बाकीच्यांचं काय, ते मला मानूस मानायला तरी कवा बसले होते.

दुसऱ्या दिवशी चेअरमननं छावनीत मानसं जमा केली. खुर्ची टाकून बसला, गॉगल लावून. लई गोड बोलायचा तो. म्हनला, सुमनबाई, माझा काय असल्या गोष्टीवर इस्वास न्हाई, पन लोकांची भावना हाय, छावनीत गडबड नको, तुमी तुमच्या म्हशी घेऊन दुसरीकड जावा, अन् सोसायटीच्या संचालकपदाचा बी राजीनामा द्या, म्हंजी विषय मिटला. मी म्हनलं, कावून? तर म्हनला लोकांचं मन शांत होईल. मी म्हनलं, चेअरमन, पोरीच्या छातीवर बसल्याचा अन् सोसायटीच्या खुर्चीवर बसल्याचा काय संबंध हाय ते मला ह्या सगळ्यांम्होरं सांगा. माझ्या दावनीला बुरशीचा कडबा येतो अन् तुमच्या पाव्हन्याच्या दावनीला हिरवा ऊस येतो, हे मी परवा इच्चारलं, अन् आज मी हडळ झाले का? तर मानूस उठला अन् गाडीत बसून गेला. जाता जाता सचिवाला काय बोलला कुनास ठावं, दुसऱ्या दिवशी माझं दूध संकलनावर घेतलं न्हाई. म्हनले, लोक म्हनतात ते दूध आमच्या दुधात नको. परत कॅन येगळी, बघा. एवढ्या वर्सांनी फिरून तिथंच.

रुक्मिनचं दुखनं थांबलं न्हाई. थांबनार कसं, झोपू तर कुनी देत न्हवतं, उलट आता झोपायला तीच भ्यायची, अन् जेवढी भ्यायची तेवढं ते जास्त यायचं. कधी मी दिसायची, कधी नुसती सावली, कधी पायाशी कुनी चालल्याचा आवाज. गंगाबाईनं देवरुषी आनला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली, पोर खोकून खोकून बेजार. लिंबाच्या ओल्या फोकानं पाठ फोडली, अन् इच्चारायचा, बोल कोन हायेस तू, बोल. ती बिचारी म्हनायची मी रुक्मिन हाय. खरं सांगत होती ना? तरी मारायचा. मग म्हनली सुमन हाय, तवा थांबला. असं काढतात बघा भूत. मारून मारून नाव काढतात.

अन् त्यानं सांगितलं का आमुशाला इळा तापवून पोटावर डाग द्यायचा.

ज्या दिवशी हे ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे टँकरपाशी गेलते, तवा रुक्मिन माझ्या दावनीत आली. मी शेन काढत होते. माझ्यापासून जरा लांबच उभी राह्यली. म्हनली, मावशी, ते तुमीच होत्या का न्हाई मला ठावं न्हाई, पन मला डाग देनार हायेत, तुमच्याबिगर मला कुनाकड जाता येईना. बघा हं, भुताला भ्यायची ती पोर, पन मानसाला जास्ती भेली अन् भुताकड आली.

मला दया आली असं तुमाला वाटत असंल. न्हाई आली. मला राग आला, पार मस्तकात गेला. मी म्हनलं, कावून गं, माझंच तोंड कावून घेतलंस? एवढी जगभर तोंडं हायेत, तुपल्या सासूचं घ्यायचं होतंस, त्या चेअरमनचं घ्यायचं होतंस, मी तुला पानी दिलं, मी तुला निजवलं, अन् माझंच तोंड? ती खाली बसली अन् म्हनली, मावशी, मी न्हाई घेतलं हो, ते आपोआप आलं. अन् तिची पाठ दिसली मला. चोळी चिकटलेली पाठीला. मी फावडं टाकलं. राग गेला न्हाई, पन म्हनलं हा राग हिच्यावर काढून काय फायदा, हा दुसऱ्यासाठी ठेवावा.

मालकाला म्हनलं, जनावरं बघा. मालकानं खिशातलं काय होतं ते माझ्या हातावर ठेवलं अन् म्हनले सांभाळून जा. काळीपिवळीत बसून आमी दोघी अंबाजोगाईला गेलो, मोठ्या दवाखान्यात. जीपमधी गावचा एक जन होता, तो आमाला दोघींना शेजारी बसलेलं बघून तोंड वासून राह्यला. मी म्हनलं बघ, नीट बघ, अन् गावात जाऊन सांग.

तिथं डॉक्टरीन होती, तरुनच होती. पैलं पाठीचं बघितलं, इच्चारलं हे कुनी केलं, मग इच्चारलं तुमी हिच्या कोन? मी म्हनलं बाई, हिच्या छातीवर बसनारी ती मीच. ती हासली न्हाई. खुर्ची सरकवून म्हनली बसा, सगळं सांगा. रुक्मिननं सांगितलं. पैल्यांदा कुनी तरी तिचं पुरं ऐकून घेतलं, मधी न बोलता.

मग ती बाई म्हनली, पोरी, हे मला बी झालंय. डॉक्टरीला शिकत असताना, रातपाळी करून येऊन दिवसा झोपायचे तवा. मला दारात एक मानूस उभा दिसायचा. म्हनली, आपून सपनात पळतो, भांडतो, पडतो, तसं खरंच अंग हाललं तर मानूस सवताला इजा करून घेईल, म्हनून सपनाच्या वक्ताला मेंदू अंगाला कुलूप लावतो, रोज लावतो, तुमाला मला सगळ्यांना. कधी मधी मानूस जागा होतो अन् कुलूप उघडायचं राहतं. डोळं उघडे, कान उघडे, खोली दिसायली, पन हातपाय हालंनात, अन् सपान अजून पुरतं इझलेलं न्हाई, ते उघड्या डोळ्यापुढं चालू राहतं. दम चालूच असतो, पन जोरात ओढायला गेलं का ओढता येत न्हाई, म्हनून छातीवर कुनी बसल्यावानी वाटतं. जीव भेलेला असतो, भेलेल्या जिवाला कुनी तरी हाय असंच दिसतं. मग ज्याच्या मनात जे असंल त्याचं रूप त्याला मिळतं. तिनं रुक्मिनला इच्चारलं, डोळं मिटायच्या आधी तू शेवटाला कुनाला बघितलंस? रुक्मिन म्हनली, मावशीला, त्यांनी माझ्या तोंडावर पदर टाकला. डॉक्टरीन म्हनली, मग झालं तर.

मग झालं तर! एवढ्याशा गोष्टीपायी माझं दूध बंद, पोरीची पाठ फुटलेली. ती म्हनली याला झोपेतला लकवा म्हना, पन हा लकवा घटकेचा असतो, याच्यानं कुनी मरत न्हाई. आला का ताकत लावून झगडू नको, पायाचं एक बोट हालवायचा परयत्न कर, सावकाश दम घे, मनाला सांग हे सरनार हाय. उतानी झोपू नको, कुशीवर झोप. अन् हे होतंय झोप पुरी न झाल्यानं, येळी-अवेळी झोपल्यानं, काळजीनं. रगत बी कमी होतं तिचं, त्याच्या गोळ्या दिल्या. पाठीला मलम दिलं. अन् म्हनली, दिवसा बसल्या बसल्या झोप आवरंनाशी झाली, न्हाई तर हे थांबलंच न्हाई, तर परत ये, पन पैली दवा म्हंजी झोप. रोज पुरी झोप.

तर रुक्मिन ढसाढसा रडाय लागली. म्हनली बाई, दुसरी कोनती दवा द्या, ती मला मिळायची न्हाई.

तुमी इच्चार करा ताई. जगात फुकट मिळती अशी एकच दवा, कुत्र्याला मिळती, मांजराला मिळती, छावनीतले बैल डोळं मिटून रवंथ करत पडायचे, अन् त्या बैलांना चारा टाकनाऱ्या पोरीला ती मिळत न्हवती.

परत आलो तर छावनीच्या तोंडाशी गंगाबाई उभी, अन् मागं मानसं. तिनं रुक्मिनच्या झिंज्या धरल्या. मी तिचं मनगट धरलं, असं धरलं का तिला सोडावं लागलं. मी म्हनलं, गंगाबाई, तू म्हनतीस मी हिला दाबते. मंग आज सगळ्यांम्होरं बघून घ्या. ही आता झोपनार, अन् मी हिच्या उशाशी बसनार, माझे दोन्ही हात तू तुझ्या हातात धर. मी हाललेली दिसले तर तूच इळा तापव अन् मला डाग दे. मालक माझ्या मागं येऊन उभे राह्यले, हातात कुऱ्हाड घेऊन. फोडायला न्हवती आनली, लाकडं तोडत होते तसेच आलते, पन लोकांना काय ठावं.

दुपार कलली होती. रुक्मिन बाजंवर निजली, थकलेली इतकी का पडल्या पडल्या घोरायला लागली. गंगाबाईनं माझे हात धरले. बाया भवतीनं बसल्या. लई येळ काय झालं न्हाई, एकदोघी उठून बी गेल्या. अन् मंग पोरीचे डोळं उघडले. अर्धे. बुबुळं इकडून तिकडं, घशातून नुसतं ऊं ऊं, बोट हालंना. आतून वरडत होती ती, मला दिसत होतं. भाईरून मी पैल्यांदाच बघत होते ते. माझे हात गंगाबाईच्या हातात, तिची पकड अशी घट्ट झाली का बांगडी फुटली माझी. मी हात न हालवता नुसतं म्हनलं, रुक्मे, पायाचं बोट. पायाचं बोट हालव. अंगठा हालला. मग पाय. मग उठून बसली.

घामानं डबडबलेली. पन किंचाळली न्हाई. माझ्याकड बघितलं, मग सवताच्या छातीकड बघितलं, अन् म्हनली, मावशी, तुमी उशाला होत्या, तुमचा आवाज उशाकून आला, अन् ते छातीवर बसलेलंच होतं, तुमचं तोंड घेऊन. दोन दोन सुमनमावशी कशा असतील?

गंगाबाईनं माझे हात सोडले. मला वाटलं आता भांडंल. तर तिनं पोटावरलं लुगडं जरा सरकवलं. बेंबीच्या वर तीन डाग, जुने, सुरकुतलेले. म्हनली, मला बी दिलते. नवी नवरी होते मी बी. मला बी दाबायचं. मग म्हनली, मला वाटलं असंच असतंय.

मला तिची कीव यायला पायजे होती, सगळ्या बाया डोळं पुसत होत्या. मी म्हनलं, तुला दिलते ना, तुला ठावं हाय ना किती भाजतंय, मग तरी हिला द्यायला निघालीस? त्या रातीपासून जनावराची राखन ती सवता करायला लागली. देवरुषी आमुशाला आला तर त्याला म्हनली जावा, आमच्यातलं मिटलं. तोंडानं माझी माफी तिनं मागितली न्हाई. एका दिवशी माझ्या म्हशीपुढं हिरव्या चाऱ्याची पेंढी टाकून गेली, माझ्याकड न बघता.

चेअरमनचं काय इच्चारता? राजीनामा मी दिला न्हाई. मुदत सरेपस्तोर बसले त्या खुर्चीवर, दर बैठकीला गेले, फॅट डोळ्यासमोर लावायला लावली. दूध परत घ्यायला लागले, मी कॅन घेऊन रोज दारात उभी राहायचे अन् रोज इच्चारायचे, आज कोनतं भूत आडवं आलं, म्हनून कटाळून घेतलं. पन त्या मानसानं एका शब्दानं कबूल केलं न्हाई का चुकलं. उलट पुढं कुठल्या सभेत म्हनला का आमी छावनीत अंधश्रद्धा मिटवली. आमी! मी मागं बसलेली होते. उठून म्हनलं, आमी कोन? तर माईक बंद पडला.

सोसायटी नंतर बुडाली. आता खासगी गाडी येती दुधाला. असल्या गोष्टीला आता कायदा बी झालाय म्हनतात, चांगलं झालं, पन कायदा कुनाच्या सुनेला दुपारी घटकाभर निजू देत न्हाई. रुक्मिनला दोन लेकरं हायेत. अजून कधी मधी येतं तिला ते, कापसाच्या दिवसात जास्ती, पन आता भेत न्हाई. फोन करून सांगती, मावशी, काल आलत्या तुमी, मी पायाचं बोट हालवलं अन् तुमाला हाकलून दिलं. मी म्हनते बरं केलंस, मला बी दुसरी कामं हायेत.

मालक वारले दोन वर्सांमागं. त्यांच्या दुखन्यात मी लई जागले, अन् नंतर मला बी झालं ते, पैल्यांदाच. दुपारीच. डोळं उघडे, अंग दगड, अन् छातीवर चेअरमन, गॉगल लावून. खरं सांगते. जीव घाबरा झाला माझा, कळत असून घाबरा झाला. ठावं असलं तरी भ्या वाटतंच, वझं कमी होत न्हाई, फकस्त ते सरनार हाय एवढं कळतं. बोट हालवलं, उठले, पानी पिले. मी काय गावभर बोंब मारली का चेअरमननं मला दाबलं म्हनून? मला अक्कल होती म्हनून न्हाई. मला सांगनारी कुनी तरी भेटलीती म्हनून. रुक्मिनला तशी कुनी भेटायला पाठ फोडून घ्यावी लागली.

लोक म्हनतात सुमनबाई, जाऊ द्या आता, म्हातारपनी राग चांगला न्हाई. मी म्हनते जी लेकरं तवा पदराखाली झाकली ती आता मोठी झाली, रस्त्यात मला जय भीम आजी म्हनतात, मी बी म्हनते, सुखी राहा. ते खरंच म्हनते. पन राग हाय तो हाय, तो माझ्या घरचा हाय, कुनाच्या दारात मागायला जात न्हाई. बास, एवढंच. बंद करा ते तुमचं यंत्र. तुमचे डोळं बी लाल झालेत ताई, सकाळधरनं बघायलेय मी. आज घरी गेल्यावर कामधंदा राहू द्या बाजूला, कुनी बोललं तर बोलू द्या. कुशीवर व्हा अन् पोटभर झोपा.